वऱ्हाडीला आपण काय काम दिलं?



वरूड तालुक्याची उत्तरेकडची शीव ओलांडली की मध्य प्रदेश लागतो. ही शीव नकाशावर ठळक आहे, जमिनीवर मात्र ती शोधावी लागते. वर्धा नदीला आपण आपली नदी म्हणतो, पण ती उगम पावते बैतूल जिल्ह्यात, मुलताईजवळ. संत्र्याचा पट्टा वरूड-मोर्शीत आणि काटोल-नरखेडात आहे तसाच पांढुर्णा-सौंसरातही आहे, आणि डिंक्या रोग कुठलं झाड कोणत्या राज्यातलं हे पाहत नाही. जामसावळीच्या मारुतीला दोन्हीकडची माणसं जातात. पांढुर्ण्याची गोटमार होते ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या पात्रात, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात. घरात तिकडची माणसं जे बोलतात ते आपल्याला तोडून-मोडून नाही, सरळ कळतं, कारण ती वऱ्हाडीच आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत वरूड आणि पांढुर्णा एकाच राज्यात होते. नागपूर ही त्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, आपण आधी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. पांढुर्णा, सौंसर, मुलताई तिकडे राहिले. माणसं जागची हलली नव्हती. त्यांची बोलीही तीच होती. तरीही सत्तर वर्षांच्या आत दोन्हीकडच्या माणसांची स्वतःविषयीची कल्पना वेगळी झाली, आणि आजच्या व्याख्यानाचा प्रश्न तिथूनच निघतो. भाषेनं माणसाची ओळख घडते असं आपण मराठी भाषा दिनाला दर वर्षी म्हणतो. ती नक्की कशी घडते? माझं म्हणणं असं, की नुसत्या बोलण्यानं ती घडत नाही. समाज त्या भाषेवर कोणती कामं सोपवतो आणि कोणती काढून घेतो, त्यावर ती घडते किंवा झिजते. वऱ्हाडीच्या बाबतीत आपण या हिशेबाकडे कधी नीट पाहिलेलं नाही.

याच प्रश्नावर जगात सगळ्यात जास्त मोजमाप झालं आहे ते अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक वंशाच्या लोकांचं, ज्यांना तिकडे हिस्पॅनिक म्हणतात. त्यांचाही एक मोठा गट असा आहे की ज्यांनी सरहद्द ओलांडली नाही, सरहद्दच त्यांच्यावरून गेली. १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहानं मेक्सिकोचा कॅलिफोर्निया-न्यू मेक्सिकोपर्यंतचा मुलूख अमेरिकेकडे गेला आणि तिथली स्पॅनिश बोलणारी गावं एका सहीनिशी परक्या देशात पडली. पुढे शाळेच्या पटांगणात स्पॅनिश बोललं म्हणून टेक्सासात मुलांना शिक्षा होत असे. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगानं १९७२ साली त्याची नोंद केली आहे. १९८० च्या जनगणनेपासून तिथे प्रत्येकाला विचारलं जाऊ लागलं, की तुम्ही हिस्पॅनिक मूळ असलेले आहात का. म्हणजे कातडीच्या रंगावर लोकांची वाटणी करण्याची सवय असलेल्या देशात एक गट असा मान्य झाला, ज्याला बांधणारा धागा भाषेचा होता. आता गंमत पाहा. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेनं २०११ साली विचारलं, की पुढच्या पिढ्यांना स्पॅनिश यावी हे महत्त्वाचं आहे का. ९५ टक्के लोक हो म्हणाले. त्याच संस्थेनं २०१५ साली विचारलं, की स्पॅनिश आली नाही तर माणूस हिस्पॅनिक ठरतो का. ७१ टक्के म्हणाले, ठरतो, भाषा यायलाच हवी असं नाही. वरवर ही दोन उत्तरं एकमेकांना कापतात. पण ती कापत नाहीत. पहिलं उत्तर इच्छेचं आहे, दुसरं अनुभवाचं. नातवंडांना स्पॅनिश येत नाही आणि तरी ती आपलीच आहेत, हे रोज घरात दिसणाऱ्या माणसाचं ते उत्तर आहे. भाषा गेली तरी ओळख काही काळ राहते, हे त्यातून सिद्ध होतं. मात्र ती कशाच्या आधारानं राहते, हे त्या आकड्यात नाही.

ते पाहायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. शेजारच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तिथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, सर्वसाधारणपणे १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. गोविंदप्रभूंचं गाव तेच, आणि महदाइसेचे धवळेही तिथलेच. त्या काळी गंभीर विचार लिहायचा तर संस्कृतातच, असा दंडक होता, आणि महानुभाव पंथातल्या विद्वानांना संस्कृत येत नव्हतं असं मुळीच नाही. केशिराजबासांसारखा शिष्य संस्कृतात लिहू पाहत होता, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला थांबवलं. संस्कृतात लिहिलंत तर साध्यासुध्या बायाबापड्या या ज्ञानाला मुकतील, असं त्यांचं म्हणणं स्मृतिस्थळ या ग्रंथात आलं आहे. भाषेविषयी मराठीत झालेल्या निर्णयांपैकी हा मला सर्वांत मोठा निर्णय वाटतो. तोपर्यंत मराठीत लोक बोलत होते, गात होते, शिलालेखही कोरत होते. इथे तिच्यावर तत्त्वज्ञान आणि चरित्र ही कामं टाकली गेली. त्याचं फळ काय, तर महानुभाव पंथ पुढे पंजाबात गेला, फाळणीपूर्वी पेशावर-काबूलपर्यंत त्याचे मठ होते, आणि तिथल्या अनुयायांचे धर्मग्रंथ मराठीच राहिले. घरात पंजाबी, बाजारात हिंदी-उर्दू, आणि पोथी मराठी. जयकृष्णी म्हणून ओळखला जाणारा हा पंजाबी समाज मराठी बोलणारा नव्हे, पण त्याच्या धर्मजीवनाच्या मध्यभागी आपल्या मुलखात लिहिलेली मराठी आहे. प्यूच्या आकड्यात जे कोडं आहे ते इथे सुटतं. भाषेला असं एखादं काम दिलेलं असेल की ते दुसऱ्या भाषेनं होत नाही, तर ती रोजच्या बोलण्यात नसतानाही ओळखीचा कणा होते. तसं काम नसेल तर चोवीस तास बोलली जाणारी बोलीही माणसाला स्वतःविषयी फारसं काही सांगत नाही.

मग ज्या मुलखात मराठीला हे काम मिळालं, त्याच मुलखाच्या बोलीला ‘अशुद्ध’ हे विशेषण कधी आणि कसं चिकटलं? याचं उत्तर भाषाशास्त्रात कमी आणि राज्यकारभाराच्या इतिहासात जास्त सापडतं. आज आपण जिला प्रमाण मराठी म्हणतो तिची घडण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यात झाली. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. शाळाखात्याची क्रमिक पुस्तकं, भाषांतरं, वर्तमानपत्रं यांचा सगळा व्याप मुंबई-पुण्याकडे. तेव्हा वऱ्हाड कुठे होतं? निजामाच्या राज्यात. ते इंग्रजांच्या कारभाराखाली आलं १८५३ च्या तहानं, म्हणजे कोश आणि व्याकरण छापून झाल्यावर. १९०२ साली कर्झननं ते निजामाकडून कायमच्या पट्ट्यानं घेतलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं. म्हणजे प्रमाण भाषेची वीण चालू असताना वऱ्हाडचा माणूस त्या खोलीतच नव्हता. तो आला तेव्हा कापड विणून झालं होतं आणि त्याला ते अंगावर चढवायला सांगितलं गेलं. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ चा. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरीची रीतसर नोंद आहे, बैतूल-छिंदवाड्याच्या दक्षिण भागातल्या बोलीचीही आहे. पण सर्वेक्षणानं नोंद घेतली म्हणून शाळेनं घेतली, असं होत नाही. ‘मले’, ‘तुले’, ‘जाऊन राह्यलो’, ‘येजो’ ही रूपं नियमानं चालतात, त्यांना त्यांचं व्याकरण आहे. तरी वहीत ती आली की लाल शाईची रेघ ओढली जाते. ‘राह्यलो’ हिंदीच्या वळणानं आलं म्हणून ते भ्रष्ट, असं सांगणारे मास्तर ‘टेबल’ आणि ‘हजेरी’ हे शब्द त्याच तोंडानं वापरत असतात. फारसी-उर्दूची, हिंदीची, शेजारच्या गोंडी-कोरकूची सोबत या मुलखाला शतकानुशतकं आहे. मिसळ हा दोष धरायचा तर मराठीच काय, स्पॅनिशही बाद होईल; तिच्यात सातशे-आठशे वर्षांच्या अरबी राजवटीचे शब्द ठासून भरलेले आहेत.

इथे एक मोठा आक्षेप येतो आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. वऱ्हाडच्या माणसाला स्वतःची ओळख फार पक्की आहे, असं कोणीही म्हणेल. वेगळ्या विदर्भाची मागणी शंभर वर्षांच्या घरातली जुनी आहे. मग वऱ्हाडीला कामं मिळाली नाहीत म्हणून ओळख झिजली, हे म्हणणं कुठे टिकतं? उत्तर असं, की ती ओळख आहे, पण ती वऱ्हाडीवर उभी नाही. वेगळ्या विदर्भाच्या मागणीचे अकोल्याचे पुढारी ब्रिजलाल बियाणी. त्यांना लोकांनी विदर्भकेसरी म्हटलं. त्यांच्या घरची भाषा मराठी नव्हती आणि त्यांचं लेखन हिंदीत आहे. दुसरे मोठे पुढारी लोकनायक बापूजी अणे. त्यांची सगळी मांडणी वैधानिक आणि आर्थिक. १९४७ चा अकोला करार आणि १९५३ चा नागपूर करार वाचा. त्यांत नोकऱ्यांतला वाटा आहे, खर्चातला वाटा आहे, नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन आहे. बोलीबद्दल त्यांत काही नाही. राज्यपुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं १९५५ च्या अहवालात आठ मराठी जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य सुचवलं ते भाषा वेगळी म्हणून नव्हे. भाषा एक असूनही इतिहास, कारभार आणि महसूल वेगळे म्हणून. पुढे १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीपासून ‘अनुशेष’ हा शब्द घरोघरी गेला आणि विदर्भाची ओळख सिंचनाच्या हेक्टरांत आणि रस्त्यांच्या किलोमीटरांत मोजली जाऊ लागली. ती मोजणी आवश्यक होती, यात मला शंका नाही. पण परिणाम असा झाला, की आपल्या प्रादेशिक अस्मितेत तक्रार भरपूर आहे आणि भाषा जवळपास नाही. विदर्भावरची भाषणं ऐका: ती पुणेरी वळणाच्या मराठीत होतात किंवा हिंदीत. पुण्यामुंबईनं आपल्यावर अन्याय केला, हे सांगायलाही आपल्याला पुण्यामुंबईचीच मराठी लागते. हे व्याख्यानही त्याला अपवाद नाही, हे आपल्या ध्यानात आलंच असेल.

आता पुन्हा शिवेकडे वळू, पण सोबत बेळगाव घेऊन. दोन्ही ठिकाणी १९५६ च्या रेघेनं मराठी माणसं दुसऱ्या राज्यात पडली. बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समिती उभी राहिली, सीमावादावर महाजन आयोग झाला, २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे आणि आजही तिथल्या मराठी माणसाला तो कोण हे विचारावं लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी असं काही झालं नाही. याचं सोपं स्पष्टीकरण सगळे देतात: कानडी परकी आणि लिपीही वेगळी, हिंदी जवळची आणि लिपी एकच, म्हणून पांढुर्ण्याचा माणूस सहज सामावला. यात तथ्य आहे. लिपी एक असली की मुलाला शाळा बदलल्याचा धक्का कमी बसतो, आणि पाटी वाचता आली की आपण परक्या राज्यात आहोत हे जाणवत नाही. पण नुसत्या जवळिकीनं सगळं उलगडत नाही. कोकणी मराठीला हिंदीपेक्षा कितीतरी जवळची. तरी गोव्यात दोन्हींच्या नावानं केवढं रण माजलं ते आपण जाणतो. बेळगावात आणि सातपुड्याखाली खरा फरक आहे तो आधीच्या कामांचा. बेळगावात मराठी शाळा होत्या, मराठी वर्तमानपत्र होतं, नगरपालिकेचा कारभार मराठीत होता, नाटकं होती, ग्रंथालयं होती. तिथे मराठी जाणं म्हणजे अर्ज, बातमी आणि नोकरी जाणं. पांढुर्णा-मुलताईच्या गावांत बोली होती ती शेतात, चुलीपाशी, लग्नाच्या गाण्यांत आणि भजनात. शाळा आणि कचेरी हिंदीत गेली तेव्हा त्या बोलीकडून काढून घेण्यासारखं फारसं काही नव्हतंच; म्हणून कोणाला ती लूट वाटली नाही. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात बारा लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली आहे. त्यांत इंदूर-ग्वाल्हेरची संस्थानी मराठी घरं आहेत तशी ही सीमेवरची गावंही आहेत. पण इंदूरच्या मराठी माणसाला मराठी मंडळ आहे, गणेशोत्सवातलं नाटक आहे. सौंसरच्या शेतकऱ्याला ‘मराठी समाज’ म्हणून फारसं कोणी मोजत नाही, तोही स्वतःला तसं मोजत नाही. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि नवी जिल्हा कचेरी अर्थातच हिंदीत चालते. टेक्सासच्या सरहद्दीवरच्या स्पॅनिशबद्दल ग्लोरिया आन्सालदुआ यांनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात हेच दुखणं मांडलं होतं: इंग्रजीवाले तिला परकी म्हणतात आणि स्पेन-मेक्सिकोच्या शुद्ध भाषेवाले तिला बिघडलेली म्हणतात, आणि बोलणारा दोन्हींकडून गप्प होतो.

पण पांढुर्ण्याची कीव करण्याआधी आपल्या बाजूला काय चाललं आहे ते पाहावं. वरूड भागातल्या एखाद्या संत्राबागेचा सौदा घ्या. आंबिया बहाराचा माल झाडावर आहे आणि बाहेरगावचा व्यापारी बगीचा उक्ता घ्यायला आला आहे. तो हिंदीत बोलतो. बगीचेवालाही त्याच्याशी हिंदीतच बोलतो, आणि चांगली बोलतो. मध्येच पोराकडे वळून हळूच सांगतो, “याच्या नांदी लागू नोको, अजून दोन दिवस पाहू.” ही वऱ्हाडी. व्यापाऱ्याला ती कळू नये हाच तिचा उपयोग. भाव ठरतो, इसार हाती पडतो, इसारपावती लिहिली जाते ती कचेरीच्या मराठीत: ‘सबब लिहून देतो की’. झाडावर कोळशी दिसली तर औषधाच्या बाटलीवरची माहिती इंग्रजी किंवा हिंदीत, कृषी विद्यापीठाचा सल्ला प्रमाण मराठीत, पोराच्या मोबाइलमधला व्हिडिओ बहुधा हिंदीत. तोडा सुरू होतो आणि मजुरांच्या गप्पा पुन्हा वऱ्हाडीत, त्यांत कोरकूभाषक मजूर असला तर त्याची स्वतःची भाषा तो आणखी आत ठेवतो. एकाच बागेत, एकाच व्यवहारात या सगळ्या भाषा आपापली जागा धरून बसतात आणि कुणाचं काही अडत नाही. या व्यवस्थेत वऱ्हाडीकडे काय आलं? कुजबूज, माया, शिवी आणि गंमत. जिथे पैसा, कागद, औषध किंवा विद्या आहे तिथे ती नाही. ज्या पोरानं हे सगळं पाहिलं, त्याला कोणी न शिकवता कळतं, की महत्त्वाची गोष्ट आली की बोली बाजूला ठेवायची. न्यूनगंड म्हणतात तो यापेक्षा वेगळा नसतो. त्याला कुणी टोमणा मारण्याचीही गरज पडत नाही.

गंमत या कामाबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण आज वऱ्हाडीचा सगळ्यात मोठा बोलबाला तिथेच आहे. कविसंमेलनात वऱ्हाडी कवी उभा राहिला की पहिल्या ओळीच्या आधीच लोक हसायला सज्ज असतात. मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींत वऱ्हाडी जोरात आहे. नवरा-बायकोचं भांडण, पाटलाचा बेत, पुण्याला गेलेलं पोट्टं. हसवणं हलकं काम आहे असं मी म्हणणार नाही. शंकर बडे यांच्यासारख्यांनी त्यातूनही माणूस उभा केला. पण एखाद्या बोलीला हसवण्याखेरीज काम उरलं नाही की तिच्यात सांगितलेलं दुःखही विनोद वाटू लागतं, आणि हा धोका खरा आहे. तो ओळखून ज्यांनी लिहिलं त्यांची नावं इथे घ्यायला हवीत. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची. तिच्यातली कौतिक वऱ्हाडीत बोलते आणि तिच्या बोलण्याला हसावं असं कुठल्याही वाचकाला वाटत नाही. गो. नी. दांडेकरांनी ‘पूर्णामायची लेकरं’ लिहिली. परतवाड्याला जन्मलेला हा लेखक पुढे तळेगाव दाभाड्याला राहिला, पण पूर्णाकाठची बोली त्यानं टाकली नाही. विठ्ठल वाघांची कविता सभागृहापासून शेतापर्यंत पोचली. पुरुषोत्तम बोरकरांच्या ‘मेड इन इंडिया’त विनोद आहे, पण तो वऱ्हाडीला हसत नाही, वऱ्हाडीतून जगाला हसतो. या दोहोंतला फरक मोठा आहे.

आणि गाडगेबाबा. त्यांचं जे कीर्तन आज ध्वनिमुद्रणात ऐकायला मिळतं, ते १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत बांद्र्याला झालेलं आहे. त्याच महिन्याच्या एक तारखेला वऱ्हाड मुंबई राज्यात सामील झालं होतं. राज्य जोडणाऱ्या करारांत बोलीला जागा नव्हती, आणि त्याच दिवसांत शेंडगावचा हा परीट मुंबईकरांसमोर आपल्या बोलीत उभा होता. प्रश्न विचारत होता, उत्तरं काढून घेत होता, देव, दारू, कर्ज आणि पोरांचं शिक्षण यांवर बोलत होता. श्रोत्यांत कोकणी, घाटी, गुजराती, सगळे असणार. कुणी म्हटलं नाही, की बाबा शुद्ध बोला. बोलीची त्यांना अडचण नव्हती, कारण तिला काम होतं: माणसाचं डोकं हलवण्याचं. डिसेंबरात बाबा गेले. १९८३ साली अमरावती विद्यापीठ झालं आणि पुढे त्याला त्यांचं नाव देण्यात आलं. ज्या बोलीत त्यांनी विद्यापीठाचं काम केलं तिच्यात एखादा प्रबंध लिहिला जावा, ही मागणी मात्र अजून कुणाला सुचलेली दिसत नाही. तुकडोजी महाराजांचं उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. यावलीचा हा संत देशभर गेला तो मुख्यतः हिंदी भजनांवर. ग्रामगीता मात्र त्यांनी मराठीत लिहिली, कारण ती गावासाठी होती. कोणतं काम कोणत्या भाषेला द्यायचं हे त्यांनी समजून-उमजून ठरवलं. आपण ठरवत नाही, आपोआप होऊ देतो.

दोन आक्षेप उरतात. पहिला असा, की वऱ्हाडी, अहिराणी, झाडी, मालवणी अशी एकेक बोली सवती सुभा मांडून बसली तर मराठीचे तुकडे होतील. माझ्या मते उलट होईल. ८ कोटी ३० लाख लोकांनी २०११ साली मातृभाषा मराठी सांगितली. त्यांतले बहुसंख्य घरी कुठली ना कुठली बोलीच बोलतात. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला. त्या दर्जामागच्या जुनेपणाच्या पुराव्यात लीळाचरित्राला मानाचं स्थान आहे, आणि मराठी भाषेचं विद्यापीठही सरकारनं रिद्धपूरलाच स्थापन केलं. म्हणजे मराठीला आपलं वय सिद्ध करायचं असतं तेव्हा ती वऱ्हाडात येते. बोली तिच्यातून तोडून वेगळी करा असं माझं म्हणणं नाही. मराठीच्या घरात तिला स्वयंपाकघराबाहेर येऊ द्या, एवढंच आहे. दुसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे: पोरगं वऱ्हाडीत राहिलं तर स्पर्धा परीक्षेत मागे पडेल, मुलाखतीत हसं होईल. हसं होतं हे खरं आहे. पण बोली टाकल्यानं ते थांबत नाही. टाकलेली बोली उच्चारात राहतेच, फक्त तिच्याबरोबरचा आत्मविश्वास जातो. लहान मुलाला त्याच्या घरच्या भाषेतून शिकवलं तर पुढची भाषा लवकर येते, हे शिक्षणशास्त्रात आता वादाचं राहिलेलं नाही; २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही निदान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे. आणि मी प्रमाण मराठी शिकवू नका असं म्हणतच नाही. ती उत्तम यावी, हिंदी-इंग्रजीही यावी. प्रश्न एवढाच, की या तिन्हींच्या पायाखाली चौथीला गाडायचंच का?

म्हणून या व्यासपीठावरून काही ठोस मागणी करावीशी वाटते. पहिलीच्या वर्गात मूल वऱ्हाडीत उत्तर देईल तेव्हा शिक्षकानं आधी उत्तर बरोबर की चूक ते सांगावं, भाषेचं नंतर पाहावं. संत्र्याच्या ताणाचा, खताचा, डिंक्याचा सल्ला देणाऱ्यांनी तो एकदा वऱ्हाडीत बोलून ध्वनिमुद्रित करावा आणि कोण किती ऐकतं ते तपासावं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ आणि नागपूरची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. पांढुर्णा, सौंसर, मुलताईच्या म्हाताऱ्या माणसांची बोली, तिकडची लग्नाची गाणी, शेतीचे शब्द यांचा संग्रह करायचा तर तो आत्ता करावा लागेल, आणि ते काम भोपाळ करणार नाही, मुंबई करणार नाही. ते वरूड आणि मोर्शीच्या महाविद्यालयांनीच करायचं आहे. आणि शेवटची विनंती या व्याख्यानमालेच्या चालकांना. पुढच्या वर्षी एक तरी व्याख्यान पूर्णपणे वऱ्हाडीत ठेवा. वक्ता विनोदी नको. विषय संत्र्याच्या बाजारभावाचा असो, वर्धेच्या पाण्याचा असो की कायद्याचा. आणि त्याचा मजकूर छापताना कुणी तो ‘शुद्ध’ करू नये.